पाण्यात गेलेली गाडी कशी ओळखावी : नाशिकमध्ये जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गोदावरीला पूर आला की नाशिककर एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागले? गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला, एवढे कळले की सराफ बाजारात आणि भांडी बाजारात काय परिस्थिती असेल याचा अंदाज ज्याचा त्याला येतो. जुनी गाडी विकत घेताना हाच प्रश्न गाडीला विचारावा, असे माझे सांगणे आहे. गाडी पाण्यात गेली होती का, यापेक्षा पाणी कुठवर चढले होते, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे, कारण त्याचे उत्तर शोधता येते.

उभे राहिलेले पाणी सगळीकडे एकाच पातळीत असते. त्यामुळे पुरात सापडलेल्या गाडीत डाव्या दारात, उजव्या दारात, सीटखाली, डिकीत आणि बोनेटखाली उमटलेल्या खुणा साधारण एकाच उंचीवर सापडतात. एकटी खूण फसवू शकते. एसीची पाणी जाण्याची नळी तुंबली तरी पुढच्या डाव्या सीटसमोरचे मॅटिंग ओले होते. समोरच्या काचेखालच्या जाळीत पाने अडकली तरी पाणी आत झिरपते. सनरूफच्या नळ्या बुजल्या तर छताचे कापड डागाळते. मात्र गळती वरून खाली येते आणि बहुधा एकाच बाजूला असते, तर पूर खालून वर चढतो आणि चारही बाजूंना सारखा चढतो. पुढची सगळी तपासणी करताना हा फरक मनात ठेवावा, म्हणजे चांगल्या गाडीवर उगाच संशय येणार नाही आणि वाईट गाडी नजरेतून सुटणार नाही.

हा विषय मला इतका महत्त्वाचा का वाटतो, ते थोडक्यात सांगतो. २०१९च्या दिवाळीत आमच्या मामांनी एका विक्रेत्याकडून डिझेल हॅचबॅक घेतली. गाडी चकचकीत होती, सीट कव्हर नवे होते, इंजिनचा आवाज स्वच्छ होता. पुढच्या मार्चमध्ये मागची काच आपोआप खाली जाऊ लागली, मग एअरबॅगचा दिवा कायमचा पेटला, आणि एका रात्री नाशिकरोडच्या उड्डाणपुलावर गाडी बंद पडली ती टोचन करूनच आणावी लागली. इलेक्ट्रिशियनने ड्रायव्हरची सीट सोडवून मॅटिंग उचलले, तेव्हा खालच्या नमद्यावर गाळाचा थर वाळून आटलेल्या शेततळ्याच्या तळासारखा भेगाळला होता, आणि सीटच्या रुळात उसाच्या पाचटाचा बोटभर तुकडा अडकलेला होता. मामा पाच महिने रोज त्याच सीटवर बसत होते. गाडी विकत घेताना कोणी दहा मिनिटे खाली वाकून पाहिले असते, तर ते तेव्हाच दिसले असते.

अशा गाड्या येतात कुठून

नाशिकच्या पुरातल्या गाड्या नाशिकमध्ये विकणे अवघड असते, कारण इथल्या लोकांच्या मनात २००८, २०१६ आणि २०१९ची सालं ताजी आहेत. गौरी पटांगणावर किंवा गोदाघाटावर लावलेली गाडी गंगापूर धरणाचा विसर्ग वाढल्यावर वेळेत न काढल्यास काय होते, हे इथे सर्वांना माहीत आहे. बुडालेली गाडी म्हणूनच बाहेरगावी जाते, आणि बाहेरगावच्या गाड्या इथे येतात. २००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्यानंतर २०१५ साली चेन्नई, २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, २०२० साली हैदराबाद, २०२१च्या जुलैमध्ये चिपळूण, २०२३च्या सप्टेंबरमध्ये नागपूर आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये वडोदरा अशी ठिकाणे पाण्याखाली गेली. या प्रत्येक वेळी रस्त्यावरच्या आणि तळघरातल्या गाड्या बुडाल्या.

त्यातल्या विमा असलेल्या गाडीचा दुरुस्तीखर्च तिच्या विम्यातील घोषित मूल्याच्या म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला, तर विमा कंपनी ती गाडी ‘टोटल लॉस’ धरते, मालकाला भरपाई देते, आणि गाडीचा सांगाडा लिलावात विकला जातो. असा सांगाडा घेणारा तो धुतो, वाळवतो, चालू करतो आणि दूरच्या शहरात विकतो. आपल्याकडे आरसीवर ‘ही गाडी पाण्यात बुडाली होती’ अशी नोंद होत नाही, त्यामुळे कागद स्वच्छ आणि गाडी आजारी, असे सहज घडू शकते. पूर फक्त नदीचाच असतो असेही नाही. मोठ्या पावसात सोसायटीच्या तळघरातील पार्किंग भरते, रेल्वे आणि महामार्गांखालचे बोगदे तुंबतात, आणि त्या पाण्याची बातमी कुठेच येत नाही.

गाडी पाहण्याआधी कागद पहावेत

विक्रेत्याकडून गाडीचा नंबर आधी मागून घ्यावा. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत आणि विमा कंपनीचे नाव कळते. नंबर एमएच १५ नसेल तर गाडी कुठे वापरली गेली ते पहावे : एमएच ०८ रत्नागिरी, एमएच ०९ कोल्हापूर, एमएच १० सांगली, एमएच ३१ आणि ४९ नागपूर, जीजे ०६ वडोदरा. या भागांतली गाडी आली म्हणजे ती बुडालेलीच असेल, असे समजणे त्या भागातल्या हजारो चांगल्या गाड्यांवर अन्याय करणारे होईल. तरीही पुराची तारीख आणि मालकी बदलल्याची तारीख शेजारी शेजारी मांडून पहावी. पूर येऊन दोन-चार महिन्यांत गाडी विकली गेली, जिल्ह्याबाहेर गेली आणि वर्षभरात तिसऱ्या हाताला पोहोचली, तर पुढची तपासणी दुप्पट बारकाईने करावी.

त्यानंतर मागच्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागाव्यात. दावा न करणाऱ्या मालकाला नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस मिळतो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि पुढे २५, ३५, ४५ असा वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. दावा केला की तो शून्यावर येतो. मागच्या वर्षी ३५ टक्के असलेला बोनस यंदा शून्य दिसला, तर मधल्या काळात दावा झाला असण्याची दाट शक्यता असते आणि तो कशाचा होता हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. इथे एक सावधगिरी हवी. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. मालक तो आपल्या नव्या गाडीवर घेऊन जाऊ शकतो, आणि विमा संपून ९० दिवसांपेक्षा जास्त काळ गेला तरी तो बुडतो. म्हणून शून्य बोनस हा पुरावा न मानता प्रश्न विचारण्याचे निमित्त मानावे.

तिसरा कागद म्हणजे सर्व्हिसची नोंद. त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीचा इतिहास संगणकावर असतो, आणि मालक सोबत असल्यास तो बहुधा पाहता येतो. त्यात जुलै ते सप्टेंबरमध्ये गाडी टोचन करून आणल्याची नोंद, वायरिंग हार्नेस, मॅटिंग, सीट बेल्ट, ईसीएम म्हणजे इंजिनचे नियंत्रक यंत्र किंवा स्टार्टर एकाच बिलात बदललेले असणे, किंवा दर सहा महिन्यांनी येणारी गाडी एका पावसाळ्यानंतर अचानक अधिकृत वर्कशॉपकडे फिरकलीच नसणे, या गोष्टी शोधाव्यात. मालक सोबत यायला टाळाटाळ करत असेल, तर मी पुढे जात नाही.

सकाळी, कोरड्या दिवशी, आपल्या माणसासोबत

गाडी पाहायला सकाळी जावे, इंजिन थंड असताना जावे, आणि पाऊस पडत नसताना जावे. भुरभुर पावसात सगळ्याच गाड्या ओल्या असतात आणि ओलाव्याचा कोणताही अर्थ लागत नाही. सोबत ओळखीचा मिस्त्री आणि जमल्यास ऑटो इलेक्ट्रिशियन न्यावा. पाण्यात गेलेल्या गाडीत इंजिनपेक्षा वायरिंगचा जाणकार जास्त उपयोगी पडतो. चांगली टॉर्च, छोटा आरसा, पांढरा रुमाल आणि बसायला एक पोते एवढे सामान पुरे आहे.

पहिली परीक्षा नाकाची. विक्रेत्याला आधी कळवावे की गाडीच्या काचा बंद ठेवून ती अर्धा तास उन्हात उभी करा. दार उघडताच पहिल्या श्वासात जे येते ते लक्षात ठेवावे, कारण नाक दोन मिनिटांत वासाला सरावते. कोंदट, बुरशीचा, पावसाळ्यात न वाळलेल्या चादरीसारखा वास आला तर आत कुठेतरी ओल आहे. गाडीत कापूर, अत्तर किंवा तीन-तीन सुगंधी डब्या असतील तर त्या काढून घ्यायला सांगाव्यात, एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवून पाच मिनिटे पूर्ण जोरात चालवावा आणि पुन्हा वास घ्यावा. डॅशबोर्डच्या कप्प्यामागे केबिन फिल्टर असतो. अनेक गाड्यांत तो कप्पा मोकळा करून सहज बाहेर येतो. फिल्टरच्या खालच्या कडेला वाळलेल्या पाण्याची रेघ दिसली, तर पाणी डॅशबोर्डच्या आत पोहोचले होते असे समजावे.

मॅटिंग, सीट आणि बेल्ट

गाडी स्वच्छ करणाऱ्याचा हात वरून खाली येतो आणि जिथे गिऱ्हाइकाची नजर जाते तिथेच थांबतो. पाणी खालून वर गेलेले असते आणि ते कोणाच्या नजरेचा विचार करत नाही. म्हणून सुरुवात पायाखालून करावी. पायपुसणी काढावी, दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी मालकाच्या परवानगीने उचलावी आणि मॅटिंगची कडा वर ओढून खालचा नमदा चिमटीत दाबून पहावा. हा जाड नमदा महिनोन्महिने ओल धरून ठेवतो. वरचे मॅटिंग वाळलेले आणि खालचा नमदा गार लागत असेल, किंवा दाबल्यावर बोटांना बारीक पिठासारखी माती लागत असेल, तर थांबावे. इथे धूळ आणि गाळ यांतला फरक ओळखता आला पाहिजे. धूळ सैल असते, वरच्या पृष्ठभागावर बसते आणि फुंकरीने उडते. गाळ पाण्यातून खाली बसलेला असल्याने तो कोपऱ्यात, खोबणीत, स्क्रूच्या भोवती चिकटून राहतो आणि नखाने खरवडल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. सात वर्षे जुन्या गाडीत कोरे करकरीत मॅटिंग असेल आणि छताचे कापड मात्र जुने असेल, तर ते का बदलले याचे बिल मागावे.

सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून तिचे रूळ, चार बोल्ट आणि खालच्या स्प्रिंगा टॉर्चने पहाव्यात. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडून पान्याच्या ताज्या खुणा दिसत असतील, तर सीट कधीतरी काढली होती. एरवी सीट काढण्याचे कारण क्वचितच येते. खालच्या बाजूच्या स्प्रिंगा गंजलेल्या असतील आणि गाडी जन्मभर नाशिकच्या कोरड्या हवेत राहिली असेल, तर ती खूण गंभीर मानावी. मुंबई किंवा कोकणातल्या गाडीत हलका गंज खाऱ्या दमट हवेनेही येतो, तिथे थोडी सवलत द्यावी.

आता सीट बेल्ट. माझ्या मते संपूर्ण तपासणीतली ही सर्वांत प्रामाणिक जागा आहे, आणि म्हणून ती घाईने उरकू नये. बेल्ट सावकाश ओढत राहावा, नेहमी वापरतो तेवढाच नाही तर अगदी शेवटचा वेढा रिळावरून सुटेपर्यंत. रिळाचा गुंडा खांबाच्या आत, बऱ्याच गाड्यांत सीटच्या पातळीच्याही खाली असतो. पाणी तिथे पोहोचले की गुंडाळलेल्या पट्ट्यात मुरते आणि बाहेरून धुणाऱ्याला तो शेवटचा हातभर भाग आठवत नाही. मामांच्या गाडीचा बेल्ट नंतर आम्ही असा ओढला, तेव्हा वरचा भाग स्वच्छ करड्या रंगाचा होता आणि शेवटच्या वेढ्यांवर चहाच्या कपात उरते तशी तपकिरी किनार आडवी गेली होती. तिच्या खालचा पट्टा बोटांना कडक लागत होता. चारही बेल्ट असेच पहावेत आणि पांढरा रुमाल त्यावर दाबून ओढावा. बेल्टच्या तळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर बहुधा निर्मितीचा महिना किंवा वर्ष असते. ते गाडीच्या वयाशी जुळले पाहिजे. बेल्ट गाडीपेक्षा चार वर्षांनी तरुण असतील, तर अपघातात किंवा पुरात ते बदलले गेले, दोन्हींचा खुलासा व्हायला हवा.

दारे, डिकी, दिवे

दाराच्या चौकटीवरची रबरी बिडिंग हाताने ओढली की सुटते आणि दाबली की बसते. ती खालच्या बाजूने वीतभर सोडवून पत्र्याची घडी पहावी. बिडिंगखाली रस्त्यावरचा चिखल पोहोचत नाही, त्यामुळे तिथला गाळ पाण्यासोबतच आलेला असतो. दाराच्या आतल्या आवरणाचा खालचा भाग फुगलेला किंवा त्याच्या क्लिपा नव्या आहेत का, ते पहावे. दारातल्या स्पीकरमधून गाणे ऐकून आवाज फाटतो का ते तपासावे, कारण कागदी पडदा भिजला की सुरकुततो.

डिकीत स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डा पहावा. जॅक, पाना आणि स्टेपनी आवळणारा मधला बोल्ट या वस्तू कोणी पॉलिश करत नाही. खड्ड्याच्या तळाशी रबरी बुचांभोवती गोल गाळ साचलेला असतो. सीएनजी गाडीत टाकीमुळे हा भाग झाकलेला असतो. तिथे टाकीचे ब्रॅकेट, पट्टे आणि व्हॉल्व्हची जोडणी पहावी, आणि दर तीन वर्षांनी होणाऱ्या हायड्रो टेस्टचे, म्हणजे टाकीच्या दाबचाचणीचे, प्रमाणपत्र मागावे.

पुढच्या-मागच्या दिव्यांच्या आत पावसाळ्यात थोडे धुके धरते आणि दिवा तापल्यावर ते निघून जाते, ते सामान्य आहे. आतल्या चकाकीवर आडवी मातकट रेघ असेल तर ती पाण्याची पातळी आहे. ही रेघ जमिनीपासून किती उंच आहे, ते वीत लावून मोजावे आणि मग बेल्टवरची, दाराच्या आतली आणि बोनेटखालची खूण त्याच उंचीवर आहे का ते पहावे. चार ठिकाणी एकच उंची सापडली की वाद संपतो.

बोनेटखाली आणि गाडीखाली

बोनेट उघडल्यावर सगळे धुऊन चकाचक दिसले, तर त्याने खूश होऊ नये. वापरातल्या गाडीचे इंजिन थोडे धुळकट असणे चांगले. एअर फिल्टर स्वस्त असल्याने तो नवा टाकलेला असतो. म्हणून फिल्टर काढून त्याच्या डब्याचा तळ आणि पुढच्या रबरी नळीच्या वळ्यांच्या आतल्या खोबणी पहाव्यात. पाणी इंजिनमध्ये शिरले असेल तर ते याच वाटेने शिरले असणार. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर येऊ लागला की कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडची गाडी काही महिने चालतेही, पण एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब, कमी दाखवते. फिल्टरच्या डब्यात गाळ दिसला आणि तरीही गाडी घ्यायची इच्छा असेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय बोलणी करू नयेत.

डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ, कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी आहे. ऑइलच्या झाकणाखाली हिवाळ्यात थोडी पिवळसर साय धरते. नाशिकच्या थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती निर्दोषही असू शकते. विकणारा ऑइल बदलून ठेवतो, त्यामुळे स्वच्छ ऑइल हा निर्दोषपणाचा पुरावा धरू नये. गिअरबॉक्सचे ऑइल मात्र क्वचित बदलले जाते. लिफ्टवर गाडी घेतल्यास मिस्त्रीकडून ते थेंबभर काढून पहावे.

फ्यूज बॉक्स उघडून फ्यूजच्या पायांवर हिरवा किंवा पांढरा क्षार आहे का पहावे. डॅशबोर्डखाली पाठीवर पडून ब्रेक-क्लच पेडलच्या वरचे ब्रॅकेट, स्टिअरिंगचा दांडा आणि वायरिंगचे कपलर म्हणजे तारा जोडणारे प्लग टॉर्चने तपासावेत. इलेक्ट्रिशियनला दोन-तीन कपलर सोडवून आतल्या पिना पाहू द्याव्यात. तांब्यावर आलेला हिरवट क्षार ही मला सर्वांत जास्त भीती घालणारी खूण आहे, कारण ती थांबत नाही. आज काच नीट चढते, तीन महिन्यांनी चढत नाही, सहा महिन्यांनी तीच पिन गाडी बंद पाडते, आणि प्रत्येक वेळी दोष नव्या ठिकाणी दिसतो.

गाडीखाली सायलेन्सरचा आणि डिस्कचा वरवरचा गंज सर्वत्र असतो, त्याकडे दुर्लक्ष करावे. जुन्या गाडीला नुकतेच काळे अंडरबॉडी कोटिंग मारलेले असेल, तर ते कधी आणि कुठे केले याची पावती मागावी.

वीज, स्कॅनर आणि फेरी

किल्ली फिरवून इंजिन चालू न करता डॅशबोर्डवरचे दिवे पहावेत. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो पेटतच नसेल तर ते अधिक वाईट, कारण कोणीतरी तो दिवाच बंद पाडला आहे. एअरबॅगचे नियंत्रक यंत्र बऱ्याच गाड्यांत गिअर लिव्हरच्या आसपास जमिनीलगत बसवलेले असते, म्हणजे गाडीच्या आत घोट्याएवढे पाणी आले तरी ते भिजते. जिवावर बेतणारा भाग तो आहे; बिघडलेली एअरबॅग गरजेला उघडत नाही. त्यानंतर चारही काचा, आरसे, सेंट्रल लॉक, वायपर, हॉर्न, ब्लोअरच्या सर्व गती, मागच्या काचेचा डीफॉगर आणि सर्व दिवे एकत्र चालवून पहावेत.

गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगावे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटच्या पिना आधी डोळ्यांनी पहाव्यात. कोड वाचताना ‘यू’ने सुरू होणारे कोड गाडीतली यंत्रे एकमेकांशी बोलू शकत नसल्याचे सांगतात आणि ‘बी’ने सुरू होणारे कोड एअरबॅग, काचा यांसारख्या गोष्टींचे असतात. एकही कोड नसेल तर कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हे पहावे. बहुतेक स्कॅनर ते दाखवतात. कालच कोड पुसलेले असतील तर त्या कोऱ्या पाटीला अर्थ नाही.

फेरी निदान अर्ध्या तासाची असावी. पांडवलेणीच्या बाजूने मुंबई-आग्रा महामार्गावर वेगात आणि परतताना गावातल्या गतिरोधकांवरून सावकाश, अशी दोन्ही प्रकारे चालवावी. चाकांच्या बेअरिंगचा घरघराट, खड्ड्यात गेल्यावर मिनिटभर लुकलुकणारा एखादा दिवा, एसीच्या ब्लोअरचा खरखराट यांकडे लक्ष द्यावे. ही सगळी विजेची तपासणी दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा करावी. ओल धरलेले वायरिंग एका दिवशी साथ देते आणि दुसऱ्या दिवशी देत नाही, म्हणून दुसरी भेट वेळेचा अपव्यय नसते.

पातळी कळल्यावर निर्णय

पाणी फक्त मॅटिंगपर्यंत आले होते, ते लगेच काढून वाळवले, त्याची बिले आहेत आणि मालकाने स्वतःहून सांगितले, अशी गाडी किंमत कमी करून घ्यायला माझी हरकत नाही. मात्र एअरबॅगचे नियंत्रक यंत्र तपासलेले असावे. पाणी सीटच्या गादीपर्यंत पोहोचले असेल तर वायरिंग, बेल्ट आणि सीटखालची यंत्रे भिजली आहेत, आणि ती कितीही स्वस्त असली तरी घरातल्या माणसांसाठी मी ती घेणार नाही. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेली गाडी सुट्या भागांच्या किमतीचीच असते. गाडी विजेवर चालणारी असेल आणि पाण्याचा नुसता संशय असेल, तरी ती सोडून द्यावी, कारण तिची उच्च दाबाची बॅटरी बहुतेक गाड्यांत जमिनीखालीच असते.

व्यवहार ठरला तर टोकन देण्यापूर्वी साध्या कागदावर लिहून घ्यावे की गाडी पूर, तळघर किंवा तुंबलेल्या पाण्यात बुडालेली नाही, तिच्यावर पाण्यामुळे विम्याचा दावा झालेला नाही, आणि हे खोटे ठरल्यास पूर्ण रक्कम परत केली जाईल. खाली गाडीचा नंबर, चासी नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात. विक्रेता व्यावसायिक असेल तर परिवहन विभागाने दिलेले अधिकृतता प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे का ते विचारावे; जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी ही नोंदणी १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आहे. पैसे बँकेतूनच द्यावेत, म्हणजे ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आलीच तर कागद हातात असतात. फॉर्म २९ आणि ३० भरून, गाडीवर कर्ज असल्यास फॉर्म ३५सह, मालकी हस्तांतरणाचा अर्ज ३० दिवसांच्या आत करावा.

आणि गाडी आधीच घेतलेली असून आता संशय येत असेल, तर पहिल्यांदा सीट सोडवून मॅटिंग आणि नमदा पूर्ण बाहेर काढावा, उन्हात वाळवावा किंवा नवा टाकावा. जमिनीलगतचे सर्व कपलर सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्यावेत. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेकचे ऑइल बदलावे. एअरबॅगचा दिवा पेटलेला असताना कोणी तो दिवा नुसता बंद करून देतो म्हणाला तर त्याला तसे करू देऊ नये. नियंत्रक यंत्र नवे बसवणे महाग पडते, तरी सर्वांत आधी तोच खर्च करावा. मामांनी तो केला, आणि मग काचांच्या दुरुस्तीसाठी दोन महिने थांबले.